ओलं फडकं आणि हावड्याचा पूल

पत्र

नमस्कार. आम्ही दांडिया बाजारातले. आमचं जुनं घर पाडून तिथे फ्लॅट होणार आहेत, दिवाळीआधी घर रिकामं करायचंय. दिवाणखान्यात बाबांनी आणलेलं मोठं तैलचित्र आहे, पाच फूट बाय साडेतीन. नदीवर प्रचंड लोखंडी पूल, त्यावर ट्राम, पाण्यात होड्या आणि लाँच, घाटावर फुलवाले. बाबा रेल्वेच्या कामासाठी दोन वर्षं कलकत्त्याला होते. १९५८ मध्ये परत येताना तिथल्या एका चित्रकाराकडून हे घेऊन आले. सही कोणाची ते लागत नाही.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मृत्युपत्र नाही. अमेरिकेतला दादा म्हणतो, चित्र मी नेणार, बाबांनी मला कबूल केलं होतं. वहिनी म्हणते, विका आणि पैसे वाटून घ्या. जुन्या सामानाचा एक व्यापारी बघून गेला. म्हणाला, सव्वाशे वर्षांचं आहे, कुणा साहेबाच्या हातचं, पंधरा हजार देतो.

चित्र फार काळवंडलंय म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ बघून वरचा उजवा कोपरा साबणाच्या पाण्याने पुसला. आधी तपकिरी मळ निघाला, मग फडक्यावर निळं आलं. घाबरून थांबले. वीतभर तुकडा आता वेगळाच दिसतो. दादाला सांगितलेलं नाही. सांगू का? उरलेलं कसं साफ करू? आणि चित्र नक्की कोणाचं?

आई पंच्याऐंशी वर्षांची आहे. १९६१ साली लग्न होऊन या घरात आली. रोज झोपाळ्यावर बसून त्या चित्रासमोर चहा घेते आणि म्हणते, ‘काय छान सकाळ आहे.’ आम्ही हसतो, कारण चित्रात सरळसरळ संध्याकाळ आहे. सोबत सहा फोटो पाठवते.

— एक वाचक, बडोदा

उत्तर

ताई, फडकं खाली ठेवलंत ते फार बरं केलंत. आता ते पुन्हा उचलू नका. साबणाचं नको, कोमट पाण्याचं नको, आणि ‘नुसतं जरा ओलसर’सुद्धा नको. बटाट्याची फोड, पावाचा गर, खोबरेल, तूप हेही त्याच यादीत. मी चित्रकलेची शिक्षिका होते आणि तरीही पंचविशीत मामांच्या तसबिरीला खोबरेल चोळलं होतं. आठवडाभर मामा असे चमकले की घरात माझं कौतुक झालं. मग त्या तेलावर धूळ बसली, ती निघेना, आणि मामांना कायमचं मिसरूड फुटलं. तेव्हा तुम्हाला रागवायचा अधिकार मला नाही.

काय झालं ते समजून घ्या. कॅनव्हासच्या कापडावर आधी सरस असतो, त्यावर पांढरा अस्तराचा थर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर बहुतेक वेळा वार्निश. तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलात खललेली पूड. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि वर्षानुवर्षं कडक होत जातं. साठ-पासष्ट वर्षांत त्याला बारीक भेगा पडतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत आकाशात त्या स्पष्ट दिसतात, वाळलेल्या तळ्यासारख्या. पाणी त्या भेगांतून खाली सरसापर्यंत जातं, सरस फुगतो, आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. साबणातला क्षार तेलालाच खातो. फडक्यावर आधी आलेलं तपकिरी म्हणजे उदबत्तीचा, निरांजनाचा, रस्त्यावरचा आणि कदाचित बाबांच्या सिगारेटचा धूर. निळं आलं तो मात्र चित्रकाराचा रंग. तो गेला तो गेला, पण वीतभर जागेत, तेही आकाशात, आणि तुम्ही वेळेवर थांबलात. चांगल्या जाणकाराच्या हातून हे सावरण्यासारखं आहे.

त्या कोपऱ्याकडे मी परत येणार आहे. तुम्हाला वाटतं तसा तो सगळाच वाईट नाही.

दादाला सांगू का, असं विचारता. आज रात्रीच सांगा. हिशेब सोपा आहे. आज कळलं तर तो एक कोपरा आहे, आणि दिवाळीत घरी आल्यावर त्याला स्वतःला दिसलं तर ‘हिनं माझं चित्र बिघडवलं आणि लपवलं’ हे पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात चालेल. आधी फोटो पाठवा आणि मग फोन करा. प्रस्तावना लावू नका. ‘दादा, मी चित्र साफ करायला गेले आणि कोपऱ्यातला रंग निघाला, माझं चुकलं’ एवढं पुरे. व्हिडिओ कोणाचा होता, वहिनी आधी काय म्हणाली होती, हे त्या फोनमध्ये आणू नका. तो चिडेल. चिडू द्या.

आता व्यापारी. सव्वाशे वर्षांचं म्हणाला ना? बडोद्यात कोणालाही लोखंडी पुलाचं चित्र दाखवलं की तो अहमदाबादचा एलिसब्रिज म्हणतो, पण तुमच्या चित्रातला पूल ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. दोन काठांवर दोन उंच मनोरे, मधे लोखंडाची जाळी, आणि नदीच्या पात्रात एकही खांब नाही. हा हावड्याचा पूल. दोन मनोऱ्यांमधलं अंतर १,५०० फूट, आणि खालचा रस्ता वरच्या सांगाड्याला अक्षरशः टांगलेला. नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटनं जोडलेलं. साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं, त्यातलं तेवीस हजार टाटांचं. आणि हा पूल वाहतुकीला खुला झाला ३ फेब्रुवारी १९४३ ला, महायुद्धाच्या दिवसांत, गाजावाजा न करता. त्याआधी तिथे जवळच १८७४ पासून तरंगता पूल होता, तराफ्यांवर बसवलेला, जहाजं आली की मधला भाग बाजूला काढायचे.

म्हणजे बघा, चित्रातला पूलच अजून शंभर वर्षांचा व्हायचाय, २०४३ साली होईल, आणि पुलाचं चित्र मात्र सव्वाशे वर्षांचं! त्या गृहस्थांना पुढच्या खेपेला चहा द्या आणि हे गणित घाला. तरंगता पूल असता तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या चित्रात पुलावर ट्राम आहे, तीही बरोबर, १९९३ पर्यंत ती तिथून धावत होती. बाबांचं १९५८ हे साल या सगळ्यात चपखल बसतं. साहेबाच्या हातचं म्हणाल, तर पाचव्या फोटोतली सही मी भिंगातून बघितली. ती इंग्रजी अक्षरं वाटत नाहीत, वरची आडवी रेघ आणि खालचा कोन बंगालीसारखा आहे. बंगाली वाचणाऱ्या कोणाला तरी फोटो दाखवा. आणि चित्राची पाठ बघा, पाठीकडे कोणी बघतच नाही. कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेलं नाव किंवा तारीख, जे असेल ते तिथे असतं. दोघांनी धरून उतरवा, गादीवर उभं टेकवा, फोटो काढा. पाठही पुसू नका.

वयाचा मुद्दा दादासाठी महत्त्वाचा आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं चित्र ही पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय काही थोड्या चित्रकारांचं काम वय कितीही असो, बाहेर जात नाही. त्यात रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय आहेत, आणि नंदलाल बोसही, ज्यांची भित्तिचित्रं आपल्याच कीर्तिमंदिरात आहेत. तुमच्या चित्राचं वय आड येत नाही. पण विमानतळावर अधिकाऱ्याला हे पुलाचं गणित समजावत बसण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घ्यावा. बाबांच्या जुन्या पत्रांत चित्राचा उल्लेख किंवा पावती सापडली तर तिथे कामाला येईल.

किमतीबद्दल स्पष्ट सांगते. चित्रकार अनोळखी, चित्र मोठं, काळवंडलेलं आणि एका कोपऱ्यात दुखावलेलं. सहीचा उलगडा होऊन काही निघालं तर निघालं, नाहीतर ते दुरुस्त करायला जेवढे जातील तेवढेही विकून येतील असं मला वाटत नाही. वहिनीला हे सांगा, पैशाचा विषय बहुधा आपोआप मिटेल. पंधरा हजाराला मात्र देऊ नका. जो माणूस खोटं वय सांगतो त्याला वस्तूत काहीतरी दिसलेलं असतं, निदान फ्रेमचं सागवान तरी.

आणि आता तुम्ही विचारलं नाहीत ते. तुमच्या पत्रात चित्रावर हक्क सांगणारा दादा आहे, विकायला निघालेली वहिनी आहे, पुसायला निघालेल्या तुम्ही आहात, भाव करणारा व्यापारी आहे. आई शेवटी येते, तीही हसण्यावारी. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या वस्तूंवर पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हक्क. तिसरा हिस्सा आईचा. वहिनीचा शून्य, पण हे तिला तुम्ही सांगू नका, दादाला सांगू दे. ‘बाबांनी मला कबूल केलं होतं’ हे खरंही असेल. कबूल करताना बाबांनी असं थोडंच म्हटलं असणार की आई झोपाळ्यावर बसलेली असतानाच समोरून उतरवून ने?

हक्क राहू दे बाजूला. सकाळ की संध्याकाळ, ते बघू.

तुमचा दुसरा फोटो मी बराच वेळ बघत होते. तुम्ही संध्याकाळ का म्हणता ते कळतं, सगळं आकाश मधासारखं पिवळं-तांबूस आहे. पण घाटावरच्या फुलवाल्यांच्या सावल्या बघा. त्या पाण्याकडे पडल्यात. पुलाच्या पायथ्याशी असलेला हा फुलबाजार कलकत्त्याच्या बाजूला, नदीच्या पूर्व काठावर आहे, मल्लिक घाट. तिथे उभं राहिलं की समोर पाणी आणि पलीकडे पश्चिमेला हावडा. तुमच्या चित्रात डाव्या हाताला पलीकडच्या काठावर जी लालसर इमारत धुरात हरवलीय, ते हावडा स्टेशन असणार. आता संध्याकाळ असती तर सूर्य स्टेशनच्या मागे असता, पूल आणि होड्या काळ्या दिसल्या असत्या आणि सावल्या चित्रकाराच्या अंगावर आल्या असत्या. इथे उलट आहे. मनोऱ्याची आपल्याकडची बाजू उजळलीय, होडीवाल्याची पाठ उजळलीय, सावल्या पाण्यात गेल्यात. सूर्य चित्रकाराच्या पाठीमागे आहे, म्हणजे पूर्वेला.

सकाळ आहे, ताई.

मग आकाश पिवळं का? तर ते रंगवलेलं पिवळं नाही. वार्निश जुनं झालं की पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. जवसाचं तेलही थोडं पिवळं पडतं. त्यावर साठ वर्षांचा धूर. निळ्यावर हा पिवळा पडदा चढला की निळं आधी हिरवट होतं, मग मातकट. हे इतकं हळू होतं की रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही. तुम्ही दोघं जन्मलात आणि तुमची नजर बसली तोवर त्या पुलावर तिन्हीसांजा झालेल्या होत्या. आईने मात्र ते १९६१ मध्ये पाहिलं, रंग तीन-चार वर्षांचा असताना. तिला आकाश निळं आठवतंय. तुमच्या फडक्याखाली जो वीतभर ‘वेगळाच’ तुकडा निघाला, पहिल्या फोटोत तो फिकट निळा दिसतो. आईचं म्हणणं त्यावरून पटतं. यासाठी साबण लावायला नको होता, हेही तितकंच खरं.

त्यामुळे आईसमोर जाऊन बसा आणि चित्राबद्दल विचारा. कोणाला द्यायचं हे पहिल्या दिवशी विचारू नका. आणलं तेव्हाचं बाबांनी काय सांगितलं होतं, चित्रकार कोण होता, रेल्वेतून पाच फुटी चित्र कसं आणलं, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. सहीचा पत्ता लागलाच तर तो त्यातूनच लागेल असं मला वाटतं, भिंगातून नाही. तो आवाज दादाला पाठवा.

दादाचं मन मी ओळखत नाही, पण परदेशात राहणाऱ्या मुलाला बापाची एखादी मोठी वस्तू हवीशी वाटते तेव्हा ते वस्तूसाठी क्वचितच असतं. त्याला सांगा, चित्र तुझं होईलही, पण आई आहे तोवर ते तिच्यासमोर राहील. थांबायला लागतंय म्हणून कुरकुरला तर आपल्या कमाटीबागेतल्या चित्रदालनाची गोष्ट सांगा. इमारत १९१४ मध्ये बांधून तयार होती. सयाजीरावांसाठी युरोपात घेतलेली चित्रं महायुद्धामुळे तिकडेच अडकली आणि दालन उघडलं १९२१ मध्ये. महाराज सात वर्षं थांबले. लहानपणी त्या दालनात शाळेच्या सहलीबरोबर तोही गेलाच असेल, आणि सगळ्या मुलांसारखा तिथून पळून देवमाशाचा सांगाडा बघायला गेला असेल.

हलवण्याचं सांगते, कारण तिथे खरी नासाडी होते. पॅकर्सची माणसं चित्राला थेट बबलचं प्लास्टिक गुंडाळतात. उन्हात टेम्पो तापला की त्या फोडांचे ठसे वार्निशवर उमटतात. रंगाला प्लास्टिक लागता कामा नये. आधी गुळगुळीत बटरपेपर, मग चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड कोन म्हणजे समोरचा भाग मोकळा राहील, आणि मग वरून काय ते. फ्रेममधून काढून गुंडाळी करायला कोणी सुचवलं तर त्याला घराबाहेर काढा. इतका कडक झालेला रंग गुंडाळीत तडकतो. टेम्पोत चित्र उभं ठेवा, गाद्यांच्या मधे. त्याआधी अंधारात बॅटरी बाजूने तिरपी मारून बघा. कुठे रंगाचे पापुद्रे उठलेले दिसले तर तिथे ब्रशनेसुद्धा धूळ झटकू नका, जाणकाराला दाखवूनच हलवा. जाणकार शोधायला बडोदेकराला लांब जावं लागत नाही. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये जा, तिथल्या म्युझिऑलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र विभागात विचारा. १९५२ पासून तिथे हाच विषय शिकवतात. स्वतः करणार नाहीत कदाचित, पण कोणाकडे जायचं हे सांगतील. जो माणूस बघितल्याबरोबर ‘दोन दिवसांत नवं करून देतो’ म्हणेल त्याला देऊ नका. जो कापसाच्या बोळ्याने चार ठिकाणी नखाएवढी जागा तपासून मग बोलेल, तो तुमचा. आणि पूर्ण साफ करायलाच हवं असं नाही. कोपरा सावरून घ्या, सुटलेला रंग पक्का करून घ्या, बाकी आईला विचारून.

नवीन घरात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात ती ओल धरते आणि मागून बुरशी चढते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, मगरी रस्त्यांवर दिसल्या आणि बातम्या त्यांच्याच झाल्या. पण त्यानंतर दोन महिने माझ्याकडे लोक जे फोटो घेऊन येत होते ते पाण्यात बुडालेल्या चित्रांचे नव्हते, नुसत्या ओल्या भिंतीवर लटकत राहिलेल्या चित्रांचे होते. मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहील. समोर खिडकी नको, खाली देव्हारा नको.

आणि एक काम मात्र याच आठवड्यात करा, कारण उशीर झाला तर होणार नाही. फ्लॅटचा नकाशा घेऊन बिल्डरकडे जा आणि बैठकीच्या छतात झोपाळ्याच्या कड्यांसाठी हूक कुठे टाकणार ते विचारा. नवे लोक टाकतच नाहीत, स्लॅब भरण्याआधी सांगावं लागतं. हूक ठरले की त्यांच्या समोरची भिंत मोजा. साडेपाच फूट मोकळी हवी.